जोगळटेंभी नाणेनिधी

क्षत्रप–सातवाहन इतिहासाला निर्णायक पुरावा पुरविणारा चांदीच्या नाण्यांचा संचय. नासिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात, गोदावरी व दारणा यांच्या संगमाजवळील जोगळटेंभी या गावी तो १९०६ मध्ये सापडला. त्यात सु. १३,२५० नाणी होती. एच. आर. स्कॉट यांनी त्यांचे परीक्षण करून १९०८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांविषयी लेख प्रसिद्ध केला.

ही सर्व नाणी मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. दर्शनी बाजूवर राजाचा मुखवटा व सभोवती ग्रीक लिपीतील लेख, तर मागील बाजूवर बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. मुखवट्यांत वय व चेहरेपट्टी यांचे बरेच वैविध्य दिसते.

यांपैकी ९,००० हून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णी याने न वितळविता पुन्हा मुद्रांकित केली. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व त्याचे नाव, दुसरीस उज्जयिनी चिन्ह उमटविलेले असून त्यांखाली नहपानाचा मूळ ठसा अंशतः दिसतो. यावरून गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव करून त्याचे चलन आपलेसे केले, हे स्पष्ट होते. गौतमी बलश्रीच्या नासिक येथील पांडवलेण्यांतील लेखातही त्याला क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. मात्र नहपानाच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

पुनर्मुद्रित नाणे एकेकटेही राजांचा क्रम सांगते. परंतु मूळ व पुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण आणि त्यांत अन्य राजाचे नाणे नसणे, या गोष्टी संपूर्ण संचय मोजल्यानेच कळतात. म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याइतकेच त्याचे प्राप्तिस्थान व सोबतची नाणी यांची नोंद मोलाची असते. निधी वाटून घेतला किंवा सराफाकडे चांदीच्या भावाने आटविला, तर हा पुरावा कायमचा नष्ट होतो. १८७८ च्या गुप्तनिधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाच्या कक्षेत येत असून खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाहीत. नाण्यांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी नासिकजवळ अंजनेरी येथे भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० मध्ये स्थापन झाली.