प्रायमरी चेनची ढील मोजायची कुठे?

जुन्या बुलेटची 'चेन ताणली' असं आपण म्हणतो. खरं तर पोलाद फारसं ताणलं जात नाही. कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजतात, म्हणून लांबी वाढते. इंजिनाची ताकद क्लचला देणारी ही दुपदरी प्रायमरी चेन डाव्या बाजूच्या कव्हरमध्ये, तेलात फिरते. तिची झीज सगळीकडे सारखी नसते बरं का. म्हणून प्लग काढायचा, किकने इंजिन हळूहळू फिरवायचं आणि चार-पाच ठिकाणी ढील बघायची. सर्वांत घट्ट जागी चेन वर-खाली सुमारे ६ मिलिमीटर हलली पाहिजे. ढिल्या जागी मोजून टेन्शनर आवळला, तर घट्ट जागेचा सगळा भार बेअरिंगांवर येतो आणि ती खराब होतात. सरासरी काढून इथे आपलं भागत नाही.