1447 सुरू झाले: मागच्या वर्षाचा हिशेब, पुढच्या वर्षाची नियत

गुरुवारी, 26 जूनला मोहर्रमचा चंद्र दिसला आणि हिजरी सन 1447 सुरू झाले. तुकोबांची पालखी देहूतून 18 तारखेला निघाली, त्यानंतर आठच दिवसांनी. गाव पुन्हा शांत झाले आहे, शाळा 16 जूनपासून भरू लागल्या आहेत, तळवडे-चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस पहाटे भरून चालल्या आहेत. आपल्याकडे नव्या वर्षाला केक नाही की फटाके नाहीत. हा करबलाच्या आठवणीचाही महिना, म्हणून बऱ्याच घरांत 'मुबारक' म्हणतानाही आवाज खालीच असतो. तरी वर्ष बदलले हे खरे. मागे वळून पाहायला ही वेळ चांगली.

मुले आम्हाला वर्गात हमखास विचारतात, "सर, आपलं वर्ष लहान का?" चंद्राच्या बारा महिन्यांचे 354 किंवा 355 दिवस होतात, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा साधारण 11 दिवस कमी. म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी भर उन्हाळ्यात. मराठी पंचांगही चंद्राचेच, पण अधूनमधून अधिक महिना घालून ते ऋतूंशी मेळ राखते. यंदा आशुरा आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, 6 जुलैला आहेत. गेल्या वर्षीही दोन्ही 17 जुलैलाच होत्या. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येईल आणि ही गाठ सुटेल. (पालखी निघाली की अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे अभंग-आरती होते, हे देहूच्या मुलांना सांगावे लागत नाही. बाहेरगावाहून आलेल्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो.)

हा सन मोजायला सुरुवात झाली हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, इ.स. 638 च्या सुमारास. कारण अगदी दफ्तरी होते. सरकारी पत्रांवर तारीख नसते, मग आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, अशी तक्रार सुभेदाराकडून आली. कुठल्या घटनेपासून सन मोजावा यावर मशवरा झाला आणि मक्का ते मदिना हिजरत निवडली गेली. कुठल्या लढाईचा विजय निवडला नाही. घरदार सोडून नव्या गावी पुन्हा उभे राहणे निवडले. आपल्या पट्ट्यातल्या लोकांना हे वेगळे समजवायला नको. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून पोटासाठी इथे आलेली किती घरे आहेत!

आणि सरलेले वर्ष त्यांच्यासाठी सोपे नव्हते. फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखलीत अतिक्रमणविरोधी कारवाई झाली, भंगाराची गोदामे आणि छोटे कारखाने पडले. मालकाचे नुकसान मोजता येते. तिथे हातावर पोट असलेल्या मजुराचे कुठे लिहिले जात नाही. जूनमध्ये कुंडमळ्याचा जुना पूल इंद्रायणीत कोसळला, चौघांचा जीव गेला. वर्षाचा हिशेब म्हणताना फक्त स्वतःच्या नमाज-रोज्यांचा हिशेब करून भागत नाही, ते यासाठीच.

मुहासबा म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेणे. दुसऱ्या कुणी घेण्याआधी तो आपणच घ्यावा, असे हजरत उमर सांगत. आमच्या मते तो कागदावर घ्यावा, डोक्यात नव्हे. डोक्यातला हिशेब नेहमी आपल्याच बाजूने लागतो. कुणाचे किती देणे आहे, मेहर दिला का, बहिणीचा जमिनीतला हिस्सा अडकलाय का, कुणाशी बोलणे बंद आहे. एवढे लिहिले तरी पान भरते.

जकातीचे तर लिहूनच ठेवायला हवे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक झाली, की त्या दिवसापासून चांद्र वर्ष मोजायचे आणि वर्षअखेर त्या दिवशी जे असेल त्यावर अडीच टक्के. पन्नास हजार जकातीस पात्र रकमेवर साडेबाराशे. बरेच जण इंग्रजी तारीख धरतात. मग दरवर्षी 11 दिवस मागे पडतात आणि तेहतीस-चौतीस वर्षांत एक आख्ख्या वर्षाची जकात राहून जाते. तेव्हा हिजरी तारीख वहीत लिहा. देताना गल्लीतल्या कामावरून कमी झालेल्या माणसाकडे आधी बघा. तो मागायला येणार नाही.

संकल्पाचे म्हणाल तर लहानच करा. थोडे असले तरी नेहमी होणारे काम अल्लाहला अधिक आवडते, ही हदीस आपण सगळे जाणतो, आणि तरी एक मोहर्रमला पाचही वक्त जमातीने, रोज एक पारा, साखर बंद, मोबाईल बंद असे सगळे एकदम ठरवतो. आठवडाभर चालते. नाईट शिफ्ट लागली की संपले. त्यापेक्षा कुरआनचा रोज एक रुकू, अर्थासह, मराठीत किंवा उर्दूत, जी भाषा समजते तीत. मुलाची वही आठवड्यातून एकदा उघडून पाहायची, ओरडायला नाही, नुसती पाहायला. वही कुणी पाहते हे कळले की अक्षर बदलते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. आणि घरातल्या बाईचाही एक संकल्प असू द्या, तिने स्वतःसाठी केलेला. बाकीच्यांनी तिच्यासाठी ठरवलेला नको.

आपल्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मगरिबनंतर जुम्याची रात्र सुरू होते, अब्बू घरी असतात. हिशेबाची वही उघडायला ही वेळ सोयीची. आशुऱ्याचा रोजा शनिवार-रविवार धरा किंवा रविवार-सोमवार, आपापली शिफ्ट बघून.