प्रश्न स्वतःला विचारावा कसा?

कामगारांच्या तक्रारी लिहून घेणे हे गेली ३० वर्षे माझे काम आहे. सुरुवातीला मी समोरच्याला विचारीत असे, "मुकादम तुझ्यावर का चिडतो?" झाले! मुकादमाचा स्वभाव, त्याची सोयरीक, त्याचा जुना राग, अशी सगळी कहाणी सुरू होई आणि मालकापुढे त्यातले एकही वाक्य टिकत नसे. पुढे एका जाणत्या वकिलाने मला धडा दिला. 'का' विचारू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोण काय म्हणाले, जवळ कोण होते, एवढेच विचारा. तेव्हापासून माझ्या वहीतल्या तक्रारी आखूड झाल्या आणि उपयोगी पडू लागल्या.

ही रीत मी दुसऱ्यांवर वापरीत राहिलो. स्वतःवर वापरावयास फार उशिरा शिकलो, म्हणून आजचा विषय.

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आपण सगळेच स्वतःशी बोलतो. मी असा का वागलो? माझ्याच वाट्याला हे का? आपल्याला वाटते, हेच आत्मपरीक्षण. परंतु 'का' विचारला की आपल्यातला वकील उठून उभा राहतो, आणि तो पक्षकाराच्या बाजूनेच बोलणार! १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. दुकानात नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि गिऱ्हाइकांना सांगितले, यातला उत्तम कोणता ते निवडा. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी लोकांचा कल उजव्या टोकाच्या जोडाकडे झुकला. कारण विचारले, तर कोणी वीण चांगली म्हणाले, कोणी पोत. मांडणीतल्या जागेमुळे निवडले, असे आपणहून एकही जण म्हणाला नाही. तसे स्पष्ट विचारले तेव्हाही बहुतेकांनी ते नाकारले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्याला आपले कारण ठाऊक आहे अशी त्यांची खात्री होती, एवढेच.

अशीच खात्री माझीही होती. एका जिनमध्ये मी संघटना चालवीत होतो. यंत्रावर कापूस घालणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बऱ्याचशा बायाच. परंतु बैठकीला एकही येत नसे. बाया का येत नाहीत, याची माझ्याजवळ दहा उत्तरे होती. त्यांना संघटनेचे महत्त्व कळत नाही, नवऱ्याचा धाक आहे, शिक्षण नाही. ही उत्तरे मी आठ वर्षे भाषणांतून दिली. एके दिवशी फाटकाशी एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवले. "भाऊ, तुमी बैठक रातच्या आठले ठेवता. त्या टायमाले आमच्या घरी भाकरी कोन थापते?"

मी निरुत्तर झालो. त्याच हंगामात मी एका करारावर सही केली होती. त्यात बायांच्या कामाला 'हलके काम' असे नाव देऊन त्यांचा रोज पुरुषांहून कमी धरला होता. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालीच झालेला. त्याची कलमे मला तोंडपाठ होती! करार तीन वर्षांचा होता. तीन वर्षे त्या बायांना माझ्या सहीने कमी पैसे मिळाले.

त्यानंतर मी 'स्त्रीपुरुष तुलना' वाचले. हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले, आणि ते लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे येथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेच्या कोर्टाने विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सांगितली. पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांत साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले गेले. ताराबाईंनी त्याला उत्तर दिले. पोथ्यापुराणांत स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण त्या एकेक करून घेतात, आणि प्रत्येकाशी थांबून पुरुषांना विचारतात, हा तुमच्यात नाही काय? पुस्तकावर पुष्कळ टीका झाली; जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. नंतर पुस्तक विस्मरणात गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून पुढे आणले.

लोक या पुस्तकाकडे पुरुषांवरचा हल्ला म्हणून पाहतात. तो आहेच. परंतु एकट्याने बसून, प्रत्येक प्रश्न आपल्याच नावाने विचारला आहे असे समजून ते वाचून पाहा. मी मालकावर रोज एक आरोप करीत असे, की तो आम्हाला न विचारता ठरवतो. तो आरोप उलटा फिरवला. करार करण्यापूर्वी मी किती बायांना विचारले? उत्तर एका अंकाचे होते, आणि तो अंक शून्य होता.

बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला, केलेला उपदेशही याच जातीचा आहे. आरसा कशासाठी, असे विचारून तो सांगतो: कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि करून झाल्यावर पाहा, की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जी धर्मवचने भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावीत म्हणून नावानिशी सांगितली, त्यांत राहुलाला केलेला उपदेश आहे. यात 'मी मुळात कसा आहे' हा प्रश्न कोठेच नाही. कर्म आणि त्याने झालेली पीडा, एवढ्यापुरतेच बोलणे आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. बारा तास राबून आलेल्या माणसाने 'मी असा कमनशिबी का' म्हणून स्वतःला फटके मारीत बसणे हे आत्मपरीक्षण नव्हे. त्याने जेवून झोपावे. आणि पगारवाढ मागणाऱ्याला 'आधी स्वतःकडे पाहा' असा उपदेश करणारे साहेबही मी पुष्कळ पाहिले आहेत. पाहू की! मागणी टेबलावर ठेवूनही स्वतःकडे पाहता येते.

आता माझ्या डायरीत बैठकीच्या तारखेखाली दोन ओळी असतात: किती वाजता बोलावले? जे आले नाहीत, त्यांना कोणी विचारले? त्या जिनमधली बैठक आम्ही दुपारच्या सुट्टीत, आवारातल्या लिंबाखाली घेऊ लागलो. पहिल्याच दिवशी बाया आल्या आणि बोलल्या. त्यांची पहिली मागणी रोजाची नव्हती. संडासाच्या दाराला आतून कडी हवी, ही होती. माझ्या आठ वर्षांच्या मागणीपत्रांत ती कोठेच नव्हती. कडी दीड महिन्यात बसली. रोजाचे भांडण मात्र जुना करार संपेपर्यंत थांबले, आणि नव्या करारासाठी बोलणी करावयास आम्ही गेलो तेव्हा ती म्हातारी बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती.