पाठीवरची शेती : सांतिया आणि त्याचे जिवाणू

हरभऱ्याचे रोप उपटले की मुळांवर गाठी दिसतात. गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात व पीक त्यांना अन्न पुरविते. यालाच सहजीवन म्हणतात. समुद्रातील एक चिमुकला प्राणी याच्याही पुढे गेला आहे. तो जिवाणूंचे पीक स्वतःच्या पाठीवर वागवितो.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पापुआ न्यू गिनी हा देश आहे. तेथील प्रवाळ खडकांवर ‘सांतिया’ नावाचे काही मिलिमीटर लांबीचे प्राणी राहतात. ते खेकडा व कोळंबी यांच्याच कवचधारी वर्गातील आहेत. ओल्या दगडाखाली सापडणारा, हात लावताच गोळी होणारा करडा किडा हा त्यांचा जमिनीवरील भाऊबंद होय.

सहजीवन कसे चालते?

नील्स लिंडक्विस्ट व सहकाऱ्यांनी २००५ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. सांतियाच्या अंगावर जिवाणूंचा दाट थर असतो. त्यात मुख्यत्वे, भातखाचरात वापरतात त्या नील-हरित शेवाळाच्या गटातील जिवाणू आढळतात. ते सूर्यप्रकाशात वाढतात आणि सांतिया ते खातो.

दुसरा लाभ संरक्षणाचा. थरातील रसायनांमुळे मासे सांतियाला खाण्याचे टाळतात. म्हणून तो उघड्यावर बसू शकतो. उघड्यावर बसतो म्हणून जिवाणूंना ऊन मिळते. आणि ऊन मिळते म्हणून त्याचे पीक वाढते.

आपण काय घ्यावे?

सांतिया आपल्या जिवाणूंची गरज सांभाळतो. आपण मात्र जिवाणू संवर्धकाचे पाकीट उन्हात ठेवतो, आणि गाठी आल्या नाहीत की संवर्धकास दोष देतो. नील-हरित जिवाणूंना ऊन हवे, रायझोबियम मात्र उन्हाने मरतो. म्हणून :

१) पिकानुसार संवर्धक निवडावे. हरभऱ्याचे सोयाबीनला चालत नाही.
२) बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणूंची शेवटी करावी. दोन्ही एकत्र कालवू नयेत.
३) १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक चोळून बी सावलीत सुकवावे व त्याच दिवशी पेरावे.

पेरणीनंतर साधारण महिनाभराने एखादी गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी दिसली, तर जिवाणू कामाला लागले असे समजावे.