वाजवता येतं, पण शिकवता येईल?

न्यू जर्सीतल्या मराठी घरात बारावीतल्या मुलीने ‘मला शाळेत संगीत शिकवायचंय, त्याचीच पदवी घेणार’ असं जाहीर केलं, की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘का गं, परफॉर्मन्सला नंबर लागणार नाही म्हणून?’ म्युझिक एज्युकेशन म्हणजे हुकलेल्या कलाकारांची धर्मशाळा, हा समज अमेरिकन घरांतही आहे.

खरं तर पुष्कळ महाविद्यालयांत दोन्ही शाखांची ऑडिशन एकच असते. तेच परीक्षक, तशाच रचना. शिवाय शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना बऱ्याच ठिकाणी मुलाखत आणि निबंध वरकड. पुढची चार वर्षंही काही आरामाची नसतात. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला ट्रॉम्बोन, व्हायोलिन, ड्रम या सगळ्यांशी तोंडओळख करून घ्यावी लागते, कंडक्टिंग शिकावं लागतं आणि शेवटी साधारण एक सत्र खऱ्या शाळेत खऱ्या मुलांपुढे उभं राहावं लागतं. सरकारी शाळेत शिकवण्याचा राज्याचा परवाना हवा, त्याची ही तयारी.

नामांकित संस्था म्हणजे सगळं तिथे मिळणार, हेही खरं नाही. ज्युलियार्डमध्ये या विषयाची पदवीच नाही. उलट न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला पॉट्सडॅम नावाचं लहानसं गाव आहे. तिथे ज्युलिया क्रेन यांनी १८८६ साली शाळांसाठी संगीतशिक्षक घडवायला सुरुवात केली आणि त्यांच्या नावाचं क्रेन स्कूल आजही तेच काम करतं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांनाही नुसते गवई नको होते. शिकवणारे हवे होते.

ऑडिशनचं म्हणाल, तर सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘अवघड रचना निवडली की छाप पडते’. हायडनचा ट्रम्पेट कॉन्चेर्टो धापा टाकत वाजवण्यापेक्षा साधी रचना सुरात, लयीत आणि गोल आवाजात वाजवणारा पुढे जातो. परीक्षकांनी मध्येच थांबवलं की मुलं खचतात. पण बहुतेक वेळा त्यांना हवं ते ऐकून झालेलं असतं, एवढंच. कधी ते म्हणतात, ‘हीच ओळ पुन्हा, पण हळुवार.’ इथे ओळ किती सुंदर आली यापेक्षा सांगितल्यावर काही बदललं का, हे जास्त पाहिलं जातं. ज्याला स्वतःला शिकता येत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार!

हिंदुस्थानी गाणं शिकलेल्यांच्या बाबतीत दोन टोकांचे समज ऐकू येतात. ‘विशारद आहे, म्हणजे झालंच’ आणि ‘इथे त्याचा काय उपयोग?’ दोन्ही फसवे. बहुतेक विभागांत तबला किंवा पेटी मुख्य वाद्य म्हणून चालत नाही, आणि गायनासाठी पाठ केलेल्या दोन पाश्चात्त्य रचना लागतात, त्यांतली एक बहुधा इटालियन. तिथे ख्याल चालत नाही. मात्र कानाच्या परीक्षेत सरगम घोटलेली मुलगी मजेत असते. ‘मूव्हेबल डो’ पद्धतीत ‘डो’ आपल्या षड्जासारखाच सरकतो, आणि मेजर स्केल म्हणजे बिलावल थाटाचेच स्वर. गोची होते ती पाच ओळींच्या नोटेशनशी. कधी न पाहिलेला कागद पुढे येतो, काही सेकंद मिळतात आणि गायला लागायचं. हे महिनाभरात जमत नाही, वर्षभर रोज दहा मिनिटं द्यावी लागतात.

आता निबंध. कॉमन अ‍ॅप या सामाईक प्रवेश-अर्जातला मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा आणि तोच सगळीकडे जातो. संगीत विभाग बरेचदा वेगळा निबंध मागतो आणि त्यात शिकवायचंय कशासाठी, हे विचारतो. ‘संगीत माझा श्वास आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. समजा, एखादी मुलगी रविवारच्या मराठी शाळेत चिमुरड्यांना तीनताल शिकवते. नवव्या मात्रेला खाली, तिथे हात नुसता हलवायचा, तर पोरं हटकून टाळी देतात. तिसऱ्या रविवारी ती म्हणते, ‘नऊ आला की हातातला पक्षी उडवा.’ खाली जमते. हा प्रसंग, आधीचे दोन फसलेले रविवार न लपवता, लिहिला की पदकांच्या यादीची गरज उरत नाही.

तारखांचा घोळही नेहमीचा. ऑडिशन जानेवारी-फेब्रुवारीत असल्या, तरी अनेक ठिकाणी चाळणीसाठीचा व्हिडिओ डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो, तोही रचनेच्या मध्ये कुठे न कापलेला. आणि विद्यापीठाचा होकार म्हणजे संगीत विभागाचा होकार नव्हे. अनेक ठिकाणी हे निर्णय वेगवेगळे होतात. पहिलं पत्र आलं की आजी पेढ्यांचं बघायला लागते. तिला दुसऱ्या पत्रापर्यंत थोपवून धरावं लागतं.