कोटेशन खालून वर वाचा

पन्नास-साठ हजारांत गेमिंग पीसी जुळवून द्या म्हटलं, की नाशिकमधला दुकानदार एक कोटेशन हातात ठेवतो. सगळ्यात वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि तळाशी एका ओळीत ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’. घासाघीस होते ती वरच्या ओळींवर. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की हा कागद खालून वर वाचावा.

एसएमपीएस म्हणजे घरातली २३० व्होल्टची वीज पीसीला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणणारा डबा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. त्यामुळे डब्यावर ठळक छापलेल्या ‘४५० वॉट’वर जाऊ नका. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर दिलेत ते बघा आणि त्याला १२ने गुणा. १८ अँपिअर असतील, तर हाती २१६ वॉटच येतात. एएमडीचं आरएक्स ६६०० हे कार्ड एकटंच १३२ वॉट मागतं, रायझन ५ ५६०० प्रोसेसर भर कामात असताना सत्तरच्या पुढे जातो. वर मदरबोर्ड, पंखे, एसएसडी. असा डबा रोज काठावर चालतो आणि जळताना कधी कधी मदरबोर्डही घेऊन जातो. नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस ब्राँझ’ प्रमाणपत्राचा, खरे ५०० ते ५५० वॉट देणारा एसएमपीएस वेगळा मागून घ्या. इथे वाचवलेले दीड-दोन हजार फार महागात पडतात.

पहिल्या पावसात वीज ये-जा करते, तेव्हा यूपीएस आठवतो. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना, मॉनिटर धरून, तो अपुरा पडू शकतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात किंवा भाड्याच्या खोलीत राहत असाल, तर आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटही दिव्यांच्या झगमगाटावर निवडू नका. मे महिन्यात सिडकोतल्या स्लॅबखालच्या खोलीत समोर काच असलेलं कॅबिनेट भट्टीसारखं तापतं. पुढे जाळी आणि हवा आत ओढणारे दोन पंखे हवेत.

मॉनिटर तर या कागदावर अनेकदा नसतोच, आणि सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, फोर-केवर जवळपास ८३ लाख. प्रत्येक फ्रेमला कार्डाने एवढे ठिपके नव्याने रंगवायचे. या बजेटमध्ये १०८०पीच धरा. त्यातही पीसी मुलासाठी असेल, तर तो खेळणार काय, हे त्यालाच विचारा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांत भार प्रोसेसरवर जास्त, कार्ड मध्यम चालतं. सायबरपंक २०७७सारखा खेळ मात्र कार्डाचा कस बघतो.

अशा मोठ्या खेळांसाठी एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, जमल्यास थोडा अधिक, कार्डाला द्यावा. आठ जीबीपेक्षा कमी मेमरीचं नवं कार्ड आता घेऊ नये. त्यासोबत इंटेलचा आय३-१२१००एफ किंवा रायझन ५ ५६०० पुरतो. इंटेलच्या नावातलं ‘एफ’ सांगतं की त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. कार्ड पुढच्या वर्षी घेणार असाल, तर ५६००जी घ्या आणि रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या. त्याचं अंगचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, आणि दोन पट्ट्यांमुळे मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद होतो.

रॅमबाबत वेळ वाईट आहे. एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५च्या अखेरीस भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरमध्ये आपला ‘क्रूशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोटेशन किती दिवस चालेल, हे म्हणूनच दुकानदाराकडून लिहून घ्या.

जुन्या मालाचं आकर्षण अशा वेळी वाढतं. ऑफिसातून निघालेले स्वस्त पीसी घेताना प्रोसेसरची पिढी बघा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. शिवाय यातल्या अनेकांचा एसएमपीएस कंपनीच्या खास जोडणीचा असतो, तो बदलायला गेलं की अडचण. जुनं कार्ड मात्र मी घेईन, पण अर्धा तास खेळ चालवून, तापमान आणि पंख्याचा आवाज बघूनच.

उरला प्रश्न मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराचा. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, भावात फरकही पडतो. पण पार्ट बिघडला तर तीच फेरी पुन्हा. नाशिकचा दुकानदार वॉरंटीचा पार्ट स्वतः जमा करून घेणार असेल, तर थोडे जास्त मोजणं मला योग्य वाटतं. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर, हे मात्र दोन्हीकडे मागायचंच.

पीसी घरी आला की मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोज कधी कधी तो ६०वरच चालवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो. बायोसमध्ये एक्सएमपी चालू नसेल, तर रॅमही छापील वेगापेक्षा हळू धावते.