दीर्घायुष्याचा दाखला

लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे गुरू, नर्मदाकाठच्या मालसरचे परमहंस माधवदास, 1921 साली समाधिस्थ झाले तेव्हा त्यांनी वयाची एकशेवीस वर्षे ओलांडली होती, असे शिष्यपरंपरा सांगते. 1997 साली वारलेल्या फ्रान्समधील झान काल्माँ यांचे 122 वर्षांचे आयुष्य सरकारी दप्तरांच्या आधाराने मान्य झाले. माधवदासांच्या जन्माची तशी नोंद कोण ठेवणार? मावळातल्या खेड्यांतही जुन्या माणसांचे वय प्लेगच्या वा मानमोडीच्या साथीवरून अजमावले जाई, आणि अशा हिशेबात आदरापोटी पाच-दहा वर्षे सहज चढत.

शिष्याने मात्र गुरूच्या वयाचे भांडवल केले नाही, हे मला विशेष वाटते. 1924 साली संस्था व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून त्यांनी योगक्रियांना उपकरणांपुढे उभे केले. पोटाचे स्नायू घुसळण्याची नौली ही क्रिया करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे मोजून आढळले, आणि त्या निर्वाताला त्यांनी ‘माधवदास व्हॅक्यूम’ हे नाव दिले. पुढे 1960 नंतरच्या दशकात, भूगर्भसमाधीत जीवनव्यापार थांबवल्याच्या कथा प्रचलित असताना, कैवल्यधामातील संशोधकांनी हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून प्राणवायू किती खर्चला व कार्बन डायऑक्साइड किती साचला, याचे मापन केले.

योग्यांच्या वयाच्या कथांचे काही असो, सर्वसामान्यांचे आयुष्य वाढले आहे, यात संशय नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात सरासरी आयुर्मान जेमतेम 32 वर्षे होते, ते आता सत्तरीच्या घरात आहे. परंतु ही कमाई मुख्यत्वे देवी, हिवताप, अतिसार आणि बालमृत्यू यांना आळा बसल्याची, म्हणजे अकाली मरणारे वाचल्याची आहे, वार्धक्य मागे हटल्याची नव्हे. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने 1825 साली दाखविल्याप्रमाणे प्रौढपणी मृत्यूचा संभव वयागणिक गुणाकाराने वाढतो, सुमारे दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. म्हणूनच कर्करोग समूळ नाहीसा झाला तरी सरासरीत भर पडेल ती थोड्याच वर्षांची, कारण त्यातून सुटलेल्या वृद्धाला हृदयविकार वा पक्षाघात गाठणारच.

म्हणून आता शोध चालला आहे तो खुद्द वार्धक्याची गती मंद करण्याचा. अन्न कमी दिलेले उंदीर अधिक जगतात हे 1935 पासून ठाऊक आहे, आणि रॅपामायसिन या औषधानेही उतारवयातील उंदरांचे आयुष्य लांबल्याचे 2009 साली सिद्ध झाले. उंदराचा निकाल दोन-तीन वर्षांत लागतो, माणसाचा लागण्यास कित्येक दशके जावी लागतात. तेव्हा संशोधक मृत्यूची वाट न पाहता रक्तातील खुणा तपासतात, पण त्या खुणा सुधारल्या म्हणून माणूस खरोखरच अधिक जगतो, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे.